परतीचा आकडा

घरातल्या माणसाला अटक झाली की घरच्यांच्या पहिल्यांदा लक्षात येतं ते हे, की आपल्या ओळखीत डॉक्टर आहे, तलाठी आहे, मंगल कार्यालयवाला आहे, वकील मात्र एकही नाही. सरळ माणसं ही तयारी ठेवत नाहीत. उलट कोर्टाची पायरी कधी चढलो नाही म्हणून चारचौघांत मान ताठ ठेवतात, आणि मग एके दिवशी ती मान कुठे लपवावी ते त्यांना कळत नाही.

ईश्वरी सोनटक्केचं तसंच झालं. ती कोइमतूरला पंपांच्या कारखान्यात चाचणी विभागात होती. त्या दुपारी एका नव्या पंपाचा दाब मोजत असताना तिला देवकोंड पोलीस ठाण्यातून फोन आला. पलीकडची बाई हवालदार सभ्यपणे बोलत होती.

"नवनाथ किसन सोनटक्के आपले कोण?"

"वडील."

"त्यांना आज दवाखान्यातून अटक केलीय. कुणाला कळवायचं विचारलं तर त्यांनी हा एकच नंबर दिला."

नवनाथअप्पा तीस वर्षं देवकोंड नगरपरिषदेत व्हॉल्व्हमन होते. कुठल्या पेठेला किती वाजता पाणी सोडायचं आणि कधी बंद करायचं हे त्यांचं काम. बाकी सगळी कामं यंत्रं करायला लागली तरी देवकोंडचे जुने नळ यंत्राला दाद देत नव्हते. तिथे अप्पांची लोखंडी चावीच लागायची. नऊ दिवसांपूर्वी पहाटे अप्पा पूर्व भागाचा व्हॉल्व्ह उघडायला गेले असताना पंपघरातल्या क्लोरीनच्या टाकीचं जुनं झाकण सुटलं. शेजारच्या पालात झोपलेली तीन माणसं वायूने गेली. अप्पा पळत आले, ओला टॉवेल तोंडाला बांधून आत शिरले आणि त्यांनी झाकण आवळलं. त्यात त्यांची स्वतःची छाती भाजून निघाली. झाकण बदला म्हणून त्यांनी तीनदा अर्ज दिला होता, पण ते अर्ज कुणाच्या टेबलावर होते हे आता कुणालाच आठवत नव्हतं. पंपघराची किल्ली मात्र अप्पांकडे होती, हे सगळ्यांना आठवत होतं.

ईश्वरी दुसऱ्या दिवशी देवकोंडला पोचली. वाटेत तिने फोनला वकील विचारला, तर त्याने पुण्या-मुंबईचे चाळीस दाखवले. त्यांतला एक पडद्यावर तिच्याशी दहा मिनिटं बोलला आणि "काळजी करू नका" हे चार वेळा म्हणाला. देवकोंडचं नाव मात्र त्याने दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा चुकीचं घेतलं.

स्टँडवर बिभीषणकाका उभे होते. अप्पांच्याच पाळीतले दुसरे व्हॉल्व्हमन. सख्ख्या भावापेक्षा जवळचे. ते म्हणाले, "माय, हीर कुठं खांदायची ते गावातला मानूस सांगतोय. कोर्टाला बी गावातलाच वकील लागतोय. हितल्या जजाला काय आवडतंय, कोन जामीनदार चालतोय, त्या पुन्याच्याला काय कळनार? चल, रसाळ बाईकडं."

अॅडव्होकेट कुमुदिनी रसाळ कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली बसायच्या. वय सत्तरीच्या आसपास. नाव रसाळ असलं तरी जीभ कच्च्या कवठासारखी होती. ईश्वरीला बसायला न सांगताच त्यांनी सुरुवात केली.

"एफआयआरची प्रत आणलीस?"

"नाही."

"फुकट मिळते, मागायची असते. कलम?"

"माहीत नाही."

"काल न्यायाधीशांसमोर नेलं तेव्हा यांच्या बाजूने कोण उभं होतं?"

"कुणीच नाही."

"म्हणजे सरकारी वकील एकटाच बोलला. बस." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "आधी एक ऐक. तुला सरकारकडून मोफत वकील मिळू शकतो. तो तुझ्या वडिलांचा हक्क आहे. नंतर म्हणू नकोस, म्हातारीने सांगितलं नाही."

"बिभीषणकाका म्हणाले, तुम्हीच."

"बिभीषणला मी पाण्याच्या तक्रारीवरून दोनदा शिव्या दिल्यात, तरी म्हणाला? मग घेते." त्यांनी चष्मा पुसला. "आता जामीन म्हणजे काय ते समजून घे. जामीन म्हणजे सुटका नाही, निर्दोष असल्याचा दाखलाही नाही. खटला चालेपर्यंत माणूस आत ठेवायचा की घरी, एवढाच तो प्रश्न. काही गुन्ह्यांत जामीन हक्काने मिळतो. तुझ्या वडिलांवर सदोष मनुष्यवध लावलाय, तिथे तो न्यायाधीशांनी द्यायचा असतो. देताना तीन गोष्टी बघतात. पुरावा नष्ट करेल का? पंपघराला सील आहे, तो प्रश्न मिटला. साक्षीदारांना धमकावेल का? तुझा बाप कुत्र्याला हाड म्हणत नाही. राहिला तिसरा. पळून जाईल का?"

"अप्पा?" ईश्वरीला हसू आलं. "ते तीस वर्षांत देवकोंडच्या बाहेर मुक्कामाला गेले नाहीत."

रसाळ मॅडम हसल्या नाहीत. "ते मला आणि तुला ठरवायचं नसतं आता," त्या म्हणाल्या.

ठरवायचं काम यंत्राकडे जाऊन सात वर्षं झाली होती. सरकारी कागदांत त्याला उपस्थिती-संभाव्यता निर्देशांक म्हणत. लोकांनी त्याचं नाव परतीचा आकडा ठेवलं. कल्पना तशी साधी होती. प्रत्येक माणूस कुठे जातो, कुणाशी बोलतो, काय शोधतो, काय विकत घेतो याच्या खुणा मागे राहतात. त्या खुणांवरून यंत्र त्या माणसाची एक गणिती प्रतिकृती बनवायचं. मग ती प्रतिकृती गणितातच जामिनावर सोडायचं, एकदा नव्हे तर दहा हजार वेळा. दर वेळी थोडं काही वेगळं घडवायचं. कधी आजार, कधी भांडण, कधी हातात आलेली नोकरी. दहा हजारांपैकी किती वेळा ती प्रतिकृती कोर्टाच्या तारखेला परत येते ते मोजलं की आकडा तयार. राज्यातल्या वीस वर्षांच्या जामीन प्रकरणांवर ते शिकलेलं होतं, त्यामुळे कुठली माणसं काय वागतात हे त्याला गावच्या पाटलापेक्षा चांगलं कळायचं. जिवंत माणसाच्या मनात काय चाललंय हे तुरुंगात आरोपीच्या हातात चढवलेल्या कड्यावरून कळायचं. कुणाचं नाव काढल्यावर नाडी किती हलते, एवढं त्याला पुरे होतं.

साठच्या वर आकडा असेल तर जामीन. कमी असेल तर न्यायाधीश कारणं लिहून तो देऊ शकत, पण माणूस पळालाच तर ती कारणं त्यांनाच गिळावी लागत, म्हणून कुणी लिहीत नव्हतं. आणि यंत्र चुकत नव्हतं, हीच खरी अडचण होती. ते ज्यांना सोडा म्हणालं त्यांतले शंभरात सत्त्याण्णव परत आले होते. चुकणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो.

अप्पांचा पहिला आकडा आला सत्तावन्न.

"तीनच कमी आहेत," रसाळ मॅडम म्हणाल्या. "हे मी तोंडाने भरून काढते."

आधी ईश्वरी अप्पांना तुरुंगात भेटून आली. मध्ये जाड काच, अलीकडे-पलीकडे फोन, आणि अप्पांच्या हातात राखाडी कडं. दोन वाक्यांनंतर खोकला यायचा आणि तो सरेपर्यंत ते हाताने तिला थांब म्हणायचे. तुरुंगाच्या डॉक्टरांनी बाहेर तिला स्पष्ट सांगितलं होतं: छाती अर्धीच काम करतेय, बराकीत दाटी आहे, धूळ आहे, यंदाची थंडी इथे निघणं कठीण आहे. खटल्याला चार-पाच वर्षं सहज लागणार होती. एक वाट असते, की पोलिसांनी आरोपपत्र मुदतीत दिलं नाही तर जामीन आपोआप मिळतो. पण हल्ली आरोपपत्रही यंत्रच लिहायचं, ते घटनेच्या अकराव्या दिवशीच येऊन पडलं होतं.

"अप्पा, सुटलात की काय करायचं?" तिने नुसतं बोलायचं म्हणून विचारलं.

अप्पांचा चेहरा एकदम उजळला. "पैलं तुझ्याकडं येऊन जाईन म्हन्तो. किती वर्सं झाली म्हन्तोय. पर मी गेलो तर पानी कोन सोडनार, म्हनून राहिलं. आता तर कामावरूनच काढलंय, मग काय. तू ऱ्हातीस कशी, खोली कसली हाय, बगायचं हाय एकदा."

"या की," ती म्हणाली. तिला ते ऐकून बरं वाटलं होतं.

सुनावणीच्या दिवशी रसाळ मॅडमनी ठेवणीतली कडक इस्त्रीची साडी नेसली होती. न्यायाधीश तरुण होते, थकलेले होते. रसाळ मॅडमनी बिभीषणकाकांना जामीनदार म्हणून उभं केलं आणि मग आपलं हुकमी पान काढलं. गेली चाळीस वर्षं देवकोंडच्या कोर्टात प्रत्येक वकील ते काढत आला होता: आरोपीला कुटुंब आहे. आरोपीला मुलीची जबाबदारी आहे. असा माणूस पळून जाणार नाही. पुरावा म्हणून त्यांनी अप्पांच्या फोनची सहा वर्षांची नोंद दिली. रोज संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मुलीला फोन, एकही दिवस खाडा नाही. ती नोंद ईश्वरीनेच मोठ्या अभिमानाने काढून दिली होती.

कारकुनाने कागद यंत्रात घातले. थोड्या वेळाने न्यायाधीशांच्या पडद्यावर नवा आकडा आला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पडदा वकिलांकडे वळवला.

एक्केचाळीस.

आकड्याखाली एक नकाशा होता. त्याला ओढीचा नकाशा म्हणायचे. माणसाला कुठली गोष्ट किती ओढते ते त्यात बाणांनी दाखवलेलं असे. देवकोंडभोवती बारीक बारीक रेघा होत्या. बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली, घर भाड्याचं, नोकरी गेलेली. आणि तिथून खाली दक्षिणेला, राज्याची हद्द ओलांडून, एकच जाड बाण कोइमतूरपर्यंत गेला होता. बाणाच्या बाजूला यंत्राने कारण दिलं होतं. आरोपीने सहा वर्षांत कोइमतूरच्या गाड्यांचं वेळापत्रक तीनशे बारा वेळा पाहिलं. तिकीट एकदाही काढलं नाही. त्याला थांबवणारं एकमेव कारण, म्हणजे काम, आता उरलेलं नाही.

"मॅडम," न्यायाधीश हळूच म्हणाले, "हा माणूस पळाला तर कुठे पळेल, ते तुम्हीच पुराव्यानिशी दिलंत."

जामीन फेटाळला गेला. ईश्वरी बाहेर येऊन पायरीवर बसली. वेळापत्रकाचं तिला माहीत नव्हतं. रोज फोनवर अप्पा पाण्याचं सांगायचे, कुठे पाइप फुटला ते सांगायचे, आणि फोन ठेवून गाड्या बघत बसायचे. हे त्यांनी तिला कधी कळू दिलं नव्हतं आणि यंत्राला सगळं कळलं होतं.

रसाळ मॅडम तिच्या शेजारी पायरीवरच बसल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "एकच वाक्य जन्मभर म्हणत आले. कुटुंब आहे म्हणून पळणार नाही. कुटुंब गावात असायचं तेव्हाचं ते वाक्य. आता लेकरं गावात कुठे राहतात? आता कुटुंब आहे म्हणूनच माणूस पळतो. हे मला कळायला हवं होतं."

"मी नोकरी सोडून इथे येते. मग तर बाणच उरणार नाही."

"विचारलं मी यंत्राला. गावात सलग दोन वर्षं राहिलेला माणूसच धरतात. उद्या येऊन परवा दोघं मिळून जायला किती वेळ लागतो?"

"उच्च न्यायालय?"

"तिथेही हेच यंत्र आहे."

"मी कोर्टाला लिहून देते, की निकालापर्यंत त्यांच्याशी बोलणार नाही, भेटणार नाही."

"संपर्कबंदी. त्याने बावन्न होतो." रसाळ मॅडमच्या हातात यंत्राच्या अहवालाची प्रत होती. त्यांनी शेवटचं पान उलटं करून मांडीवर ठेवलं होतं. ईश्वरीने हात पुढे केला. मॅडमनी पान दिलं नाही, पण तिने ओढून घेतल्यावर धरूनही ठेवलं नाही.

असे तक्ते ईश्वरीला नवे नव्हते. कुठली गोष्ट बदलली की निकाल किती बदलतो हेच ती पंपांसाठी रोज काढायची. शेवटची ओळ तिने वाचली. ओढीच्या व्यक्तीने आरोपीला नाकारल्यास आणि आरोपीस ते पटल्यास: एकाहत्तर.

"हे मी तुला सांगितलेलं नाही," रसाळ मॅडम म्हणाल्या. "आणि तू काय करशील ते मला सांगू नकोस."

ईश्वरीने चार दिवस घेतले. अप्पांच्या रिकाम्या घरात ती आरशासमोर वाक्यं म्हणून बघायची. तिला खोटं बोलता येत नसे. अप्पांनीच ती सवय लावली नव्हती. शेवटी तिच्या लक्षात आलं की खोटं सगळंच्या सगळं बनवायला लागणार नाही. अप्पांच्या मनात जे आधीच जळतंय त्यावरच बोट ठेवायचं. हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली.

पाचव्या दिवशी ती काचेपलीकडे बसलेल्या अप्पांकडे न बघता बोलली.

"अप्पा, तुम्ही त्या दिवशी झाकण बघितलं होतं का?"

"रोजच बगतो, माय."

"रोजचं नको. त्या दिवशी?"

अप्पा आठवायला लागले. मग म्हणाले, "त्या दिवशी... उशीर झाला हुता जरा. घाईत..."

"तीन माणसं मेली. त्यांतली एक बाई माझ्या वयाची होती. मला कारखान्यात लोक विचारतात, तुझेच वडील ना ते. मी नाही म्हणून सांगते. अर्ज दिले होते म्हणे. अर्ज कागदाचे असतात, हात तुमचे होते. तुम्ही हात लावून बघितलं असतं तर ती माणसं आज असती." तिचा आवाज चढला, आणि तो चढला हेही बरंच झालं. "मला पुन्हा फोन करू नका. सुटलात तरी माझ्याकडे येऊ नका. मला तुम्ही नकोत."

अप्पांना खोकला आला. या वेळी त्यांनी हाताने तिला थांबवलं नाही. खोकला संपल्यावर त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"खरं हाय तुझं," ते म्हणाले. "मलाबी तेच वाटतंय. बोलून दाखवणारं कुनी नव्हतं."

ती उठली.

"जेवून आलीस का?" त्यांनी सवयीने विचारलं, आणि मग चुकलं असं वाटून मान खाली घातली.

आठवड्याने नवा आकडा आला, चौऱ्याहत्तर. यंत्राच्या अंदाजापेक्षाही तीन जास्त. म्हणजे मुलीच्या बोलण्यावर बाप किती विश्वास ठेवतो, हे यंत्रालाही पुरतं कळलेलं नव्हतं. जामीन मंजूर झाला. जातमुचलका, बिभीषणकाका जामीनदार, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, हातातलं कडं निकालापर्यंत काढायचं नाही, मुलीशी संपर्क नाही. आकडा साठच्या खाली गेला तर जामीन रद्द होऊन परत आत. अप्पा सुटले त्या दिवशी ईश्वरी परतीच्या गाडीत होती. बिभीषणकाका त्यांना आपल्या घरी घेऊन गेले.

कोइमतूरला आल्यावर तिला एकच गोष्ट करता येत होती. कोर्टाच्या ऑनलाइन फलकावर दर सोमवारी आकडे लागायचे आणि ते कुणालाही बघता येत. तिथे अप्पांच्या नावासमोर ती बघायची. एकोणऐंशी. मग त्र्याऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी. आकडा वर गेला की अप्पा बाहेर, मोकळ्या हवेत, बिभीषणकाकांच्या ओसरीवर बसलेले आहेत याची खात्री. आणि आकडा वर गेला की अप्पांच्या मनातून आपण आणखी थोड्या पुसल्या गेलो याचीही खात्री. रविवारी तिला वाटायचं, उद्या तो वाढू दे. सोमवारी तो वाढलेला दिसला की दिवसभर तिला कुणाशी बोलवत नसे. आठ वाजून दहा मिनिटांनी ती फोन पालथा घालून ठेवायची.

थंडी निघाली. अप्पा जगले. रसाळ मॅडमनी कळवलं की आता ते देवळापर्यंत चालत जातात, दोन वेळा जेवतात. उन्हाळा लागला आणि मग आकडा उतरायला लागला. चौऱ्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. पुढच्या सोमवारी सत्तर.

पहिल्यांदा तो उतरला तेव्हा ईश्वरी चाचणीच्या टाकीशी उभी राहून एकटीच हसली होती. सत्तर दिसल्यावर तिने साठपर्यंत किती उरले ते मोजलं.

बासष्ट आला त्या दुपारी रसाळ मॅडमचा फोन आला.

"बिभीषण येऊन गेला," त्या म्हणाल्या. "तुझे वडील त्याला काल म्हणाले, पोरगी रागात बोलली. बरोबर बोलली. बापाला नाही बोलायचं तर कुनाला. राग उतरला असंल आता तिचा. म्हणाले, एकदा जाऊन दारातूनच बघून येतो, आत जात नाही." त्या थांबल्या. "त्यांनी तुला माफ केलंय, ईश्वरी."

ईश्वरीला रडू आलं आणि तिने ते थांबवलं नाही. मॅडम पलीकडे वाट बघत राहिल्या.

"पुढच्या सोमवारी साठच्या खाली जाणार," मग त्या म्हणाल्या. "आत गेले तर या वेळी... डॉक्टर काय म्हणाले होते ते तुला माहीत आहे. वकिलामार्फत निरोप द्यायला परवानगी आहे. काहीतरी कडक लिहून दे, मी वाचून दाखवते."

"त्याचा उपयोग नाही." तिने नाक पुसलं. आता तिच्यातली चाचणीवाली बोलत होती, आणि तो आवाज तिचा तिलाच ओळखू येत नव्हता. "मी कितीही वाईट बोलले तरी ते परत माफ करतील. दर वेळी लवकर करतील. त्यांचं प्रेम कमी करून आता चालणार नाही. प्रेम असूनही जाता येणार नाही, असं काहीतरी हवं."

"असं काय असतं?"

"मॅडम, त्यांना सांगा, माझं लग्न झालं."

रसाळ मॅडमना त्याचा अर्थ लगेच कळला. त्या देवकोंडच्याच होत्या. लेकीच्या सासरी बोलावल्याशिवाय बाप जात नाही. गेला तरी तिथलं पाणी पीत नाही, उंबऱ्यावरूनच परततो. असे हजारो बाप यंत्राने वीस वर्षांत बघितलेले होते. माझा बाप असाच होता, असं त्यांना म्हणायचं होतं, पण त्या म्हणाल्या नाहीत.

"आणि लग्नाला बोलावलं नाही, हे कसं सांगू?" त्यांनी विचारलं.

"ते सांगायला लागणार नाही. त्यांचं त्यांना कळेल."

सोमवारी रसाळ मॅडम स्वतः पोलीस ठाण्यात गेल्या. अप्पा हजेरीसाठी बाकावर बसले होते. मॅडमनी निरोप सांगितला आणि हजेरी होईपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. दुपारी त्यांनी कोइमतूरला फोन लावला.

"सांगितलं," त्या म्हणाल्या. "आकडा ब्याण्णव आलाय. आता काही भीती नाही."

"अप्पा काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं झालं, एकटी होती. आणि जाताना विचारत होते, जावई कसे आहेत. मी म्हटलं, विचारून सांगते. काय सांगू?"

कारखान्यातले सगळे पंप चालू होते. ईश्वरीने फोन कानाशी घट्ट धरला.

"चांगले आहेत म्हणावं," ती म्हणाली. "मला जपतात."